मायक्रोआरएनए ब्लड टेस्ट, नॉन-कोडिंग आरएनए आणि ब्रेस्ट कॅन्सर : जाणकारांनी जरा सांगा

कासारवडवलीकर | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, विषय थोडा सिरीयस आहे तेव्हा टीपीवाल्यांनी जरा दमानं घ्या. आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये रविवारी हेल्थ कॅम्प आहे, त्याचं पोस्टर ग्रुपवर फिरतंय. शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी हे नेहमीचं आहेच पण खाली मोठ्या गुलाबी अक्षरात लिहिलंय की मायक्रोआरएनए ब्लड टेस्ट, ब्रेस्ट कॅन्सर गाठ दिसायच्या आधीच ओळखा, बाहेर साडेसात हजार, कॅम्पमध्ये पाच. आता झालंय असं की माझ्या वहिनीचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं, वय ४६, रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा), हर-टू या प्रोटीनला निगेटिव्ह. केमो झाली, रेडिएशन झालं, आता टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोन अडवणारी गोळी चालू आहे. ती म्हणते मला ही टेस्ट करायचीच, परत आलाय का ते कळेल. बायको म्हणते मग मी पण करते, आपल्या घरात आहे ना कॅन्सर. पुतणी २२ वर्षांची, ती पण रांगेत. म्हणजे झाले पंधरा हजार.

पैशाचं सोडा हो, पण हे नेमकं आहे काय? मी कॉमर्सवाला, काल रात्री दोन तास गूगल करत बसलो तर नॉन-कोडिंग आरएनए, हॉटेअर, मॅलॅट-१, मिर-२१ असं काय काय आलं आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलंय की याचा ब्रेस्ट कॅन्सरमध्ये महत्त्वाचा रोल आहे. मग रोल आहे तर टेस्ट खरी असेल ना? का हा पण मार्केटिंगचाच प्रकार? साध्या मराठीत कुणी सांगाल का.

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री ११:१२

आधी कॅम्पचं उत्तर देतो म्हणजे रविवारच्या आत उपयोग होईल. माझं मत, करू नका. कारणं सावकाश लिहितो. मी डॉक्टर नाही, खारघर बाजूला काही वर्षं लॅबमध्ये आरएनएच काढत बसायचो, त्यामुळे ट्रीटमेंटचं मला विचारू नका, रेणूंचं विचारा.

शाळेत आपण शिकलो की डीएनएवरून मेसेंजर आरएनए बनतो आणि त्यावरून प्रोटीन. बरोबरच आहे ते. पण माणसाच्या डीएनएमध्ये प्रोटीन बनवणारे जीन आहेत २० हजाराच्या आसपास, आणि प्रोटीनचा मजकूर असलेला भाग अख्ख्या डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी. उरलेल्याचं काय? १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांनी त्यासाठी 'जंक' शब्द वापरला आणि तो असा चिकटला की बस. नंतर लक्षात आलं की त्या जंकमधल्या बऱ्याच भागावरून पेशी आरएनए काढते, फक्त त्याचं प्रोटीन करत नाही. हेच नॉन-कोडिंग आरएनए. २०१२ मध्ये एनकोड या जीनोमचा नकाशा करणाऱ्या प्रोजेक्टवाल्यांनी जाहीर केलं की ८० टक्के जीनोमला काही ना काही काम आहे, त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये जी जुंपली ती अजून पुरती थांबलेली नाही. त्यामुळे 'जंक असं काही नसतंच' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तेही ऐकू नका.

यातले छोटे म्हणजे मायक्रोआरएनए, साधारण २२ अक्षरांचे. २०० अक्षरांच्या वरचे ते लाँग नॉन-कोडिंग, लॅबमध्ये आम्ही लिंक-आरएनए म्हणायचो. आणि काही चक्क गोल असतात, दोन्ही टोकं जोडलेले. मायक्रोआरएनए पहिल्यांदा सापडला १९९३ मध्ये, एक मिलिमीटरच्या जंतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन, यांनाच २०२४ चं नोबेल मिळालं. मजा म्हणजे सात वर्षं लोकांना वाटत होतं की हे त्या जंताचंच काहीतरी खूळ आहे. २००० मध्ये लेट-७ नावाचा दुसरा सापडला आणि तो माणसातपण निघाला, मग सगळे धावले.

काम कसं करतो? तुमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवरचा वॉचमन समजा. पार्सल म्हणजे मेसेंजर आरएनए. वॉचमन आख्खा पत्ता वाचत नाही, सात-आठ अक्षरं जुळली की पार्सल गेटवरच अडवतो, कधी फाडूनच टाकतो. त्यामुळे एकच वॉचमन शेकडो वेगवेगळ्या फ्लॅटची पार्सलं अडवू शकतो. आता हा वॉचमन गरजेपेक्षा जास्त कडक झाला किंवा पळूनच गेला तर काय गोंधळ होईल तो विचार करा. कॅन्सरमध्ये दोन्ही होतं.

कोपरखैरणे_ब्लू | गुरुवार, रात्री ११:३१

वाचनखूण साठवली. आमच्या वॉचमनला दाखवतो, पगार वाढवून मागेल :-)

शंकासूर | शुक्रवार, सकाळी ७:०५

पेट्रीडिश, छान लिहिलंय पण हे सगळं पेशींच्या पातळीवर झालं, ब्रेस्ट कॅन्सरवर या ना. मी जेवढं वाचलंय त्यात प्रत्येक मिरचं (म्हणजे मायक्रोआरएनएचं) असंच, एका पेपरात वाढलेला, दुसऱ्यात कमी झालेला. जे कधी वाढतं कधी कमी होतं त्याच्यावर टेस्ट कशी बनवणार?

पेट्रीडिश | शुक्रवार, सकाळी ८:२० (ट्रान्सहार्बरवरून टाईप करतोय, चुभूद्याघ्या)

येतो. २००५ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी आणि नॉर्मल टिश्यू यांची मायक्रोआरएनएच्या बाबतीत पहिली मोठी तुलना आली. मिर-२१ आणि मिर-१५५ वाढलेले, मिर-१४५, मिर-१२५बी आणि मिर-१०बी कमी झालेले. मिर-२१ चं नंतर बऱ्यापैकी पक्कं झालं, तो पीटेन आणि पीडीसीडी४ सारख्या प्रोटीनना दाबतो, आणि ही दोन्ही पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारी. ब्रेकच निकामी केला की गाडी सुटणारच.

आता शंकासूर यांची शंका. मिर-१०बी चं उदाहरण भारी आहे. २००५ मध्ये तो कमी झालेला दिसला, आणि २००७ मध्ये ली मा आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी नेचरमध्ये दाखवलं की पसरणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींमध्ये तो भरपूर आहे आणि त्याच्यामुळेच पेशी आक्रमक होतात. ट्विस्ट नावाचं प्रोटीन मिर-१०बी वाढवतं, तो हॉक्सडी१० या दुसऱ्या प्रोटीनला दाबतो, हॉक्सडी१० दबलं की आरएचओसी हे तिसरं वाढतं आणि पेशी सरपटायला लागते. मग खरं काय? दोन्ही. नॉर्मल टिश्यूच्या मानाने बहुतेक गाठींत कमीच असतो पण पसरलेल्या केसेसपैकी बऱ्याच गाठींत वाढलेला सापडतो. म्हणजे नुसतं 'वाढला का कमी झाला' हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या पेशीत, कुठल्या स्टेजला, कशाच्या तुलनेत हे विचारलं पाहिजे.

त्यांनीच २०१० मध्ये उंदरांना मिर-१०बी अडवणारं औषध दिलं. मूळ गाठ लहान झाली नाही! पण फुफ्फुसात पसरायचं प्रमाण खूप कमी झालं. मला अख्ख्या विषयात हा निकाल सगळ्यात जास्त आवडतो कारण ब्रेस्ट कॅन्सरमध्ये जीव जातो तो बहुतेक वेळा पसरल्यामुळे, छातीतल्या गाठीमुळे नाही.

आणि एक मिर-२०० चं घराणं. हे बरं आहे, हे झेब-१ आणि झेब-२ या प्रोटीनना दाबून ठेवतं, त्यामुळे ई-कॅडहेरिन नावाचा पेशींमधला डिंक टिकतो आणि पेशी एकमेकींना धरून राहतात. मिर-२०० कमी झाला की पेशी हात सोडतात आणि भटकायला मोकळ्या. कोपरखैरणे आलं, उतरतो.

सुलभा_ऐरोली | शुक्रवार, दुपारी १:१५

मी स्वतः पेशंट आहे, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) होता, ट्रीटमेंट पूर्ण होऊन आता फक्त फॉलोअप. कासारवडवलीकर, तुमच्या वहिनींची घालमेल मला बरोबर कळतेय. दर चेकअपच्या आधीच्या आठवड्यात झोप लागत नाही आणि अशा वेळी कुणी म्हणालं ना की रक्ताच्या एका थेंबात कळेल, तर माणूस कानातल्या कुड्या पण विकेल. म्हणून वहिनींना वेडं ठरवू नका एवढंच सांगते.

माझे दोन प्रश्न आहेत. ट्रिपल निगेटिव्हमध्ये या आरएनएचं काही वेगळं आहे का? आणि आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी २१ जीनची टेस्ट सांगितली होती, त्यावरून तिची केमो टळली. ती पण आरएनएचीच टेस्ट म्हणाले होते. मग ती खरी आणि ही खोटी असं कसं?

नौपाडा_स्लाइड | शुक्रवार, दुपारी ३:५०

मी पॅथॉलॉजीत आहे. सुलभाताई, दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो कारण हा घोळ सगळीकडे आहे.

ती २१ जीनची म्हणजे ऑन्कोटाइप. ती आरएनएच मोजते पण मेसेंजर आरएनए, प्रोटीनवाला. १६ कॅन्सरशी संबंधित जीन आणि ५ तुलनेसाठी. नॉन-कोडिंगचा तिच्याशी काही संबंध नाही. ती रक्तावर होत नाही, ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) होते, म्हणजे कॅन्सर आहे हे आधीच माहीत असतं. प्रश्न एवढाच असतो की ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह बाईला हॉर्मोनच्या गोळ्यांवर केमोचा जादा फायदा आहे का. त्यासाठी टेलर-एक्स नावाची दहा हजाराहून जास्त बायकांची ट्रायल झाली, २०१८ मध्ये निकाल आला, या टेस्टमध्ये ११ ते २५ स्कोअर असलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये केमोने फरक पडला नाही. पन्नाशीच्या आतल्यांचं गणित थोडं वेगळं निघालं. खरी-खोटीचा फरक विचारलात ना, तर हा आहे. एका ठराविक प्रश्नासाठी, ठराविक पेशंटवर, वर्षानुवर्षं तपासलेली टेस्ट.

आता कॅम्पवाली. रक्तात मायक्रोआरएनए असतात हे खरंच आहे, चांगले टिकतात पण, म्हणूनच सगळ्यांना मोह पडतो. पण आमच्या बाजूची गंमत सांगतो. लाल पेशींमध्ये मिर-१६ आणि मिर-४५१ ठासून भरलेले असतात. कॅम्पमध्ये घाईत सुई लावली, सॅम्पल उन्हात गाडीत हिंदकळत घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून लॅबला गेलं, थोड्या लाल पेशी फुटल्या की झालं, आकडे बदलले. आणि कित्येक स्टडीजमध्ये मिर-१६ हाच तुलनेचा आधार म्हणून धरलेला, म्हणजे फूटपट्टीच लांब-आखूड होतेय. शिवाय मिर-२१ फक्त ब्रेस्टचा थोडीच आहे, तो फुफ्फुस, आतडं, कितीतरी कॅन्सरमध्ये वाढतो, साध्या सूज-जळजळीत वाढतो, हार्टच्या आजारात वाढतो.

वेगवेगळ्या ग्रुपनी रक्तातल्या मायक्रोआरएनएची जी पॅनेल (टेस्टसाठी निवडलेल्या नावांच्या याद्या) छापलीत ती शेजारी शेजारी ठेवून बघा, नावं फारशी जुळतच नाहीत.

शंकासूर | शुक्रवार, संध्याकाळी ६:२२

>> नावं फारशी जुळतच नाहीत

याच्यात अजून एक भर टाका, पेपर मिल. नॉन-कोडिंग आरएनए आणि कॅन्सर हा बनावट पेपरवाल्यांचा आवडता विषय आहे. नाव बदला, कॅन्सर बदला, बाकी तेच ग्राफ. सिडनीच्या जेनिफर बर्न यांनी असे ढिगाने पेपर पकडलेत ज्यात वापरलेल्या आरएनएचा क्रमच चुकीचा दिलाय, म्हणजे ज्या जीनवर प्रयोग केला म्हणतात त्याला तो चिकटणारच नाही. त्यामुळे 'गूगलवर हजार पेपर आहेत' याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

पेट्रीडिश | शुक्रवार, रात्री १०:४५

शंकासूर, +१, पण बाळ आणि पाणी एकत्र फेकू नका. बनावट पेपरच्या बाहेरसुद्धा प्रामाणिक माणसांचे निकाल उलटसुलट येतात आणि तिथे खरी मेख आहे. मॅलॅट-१ घ्या. हा लांबलचक आरएनए २००३ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये सापडला, नावातच मेटॅस्टॅसिस आहे त्याच्या. २०१६ मध्ये डेव्हिड स्पेक्टर यांच्या लॅबने ब्रेस्ट कॅन्सर होणाऱ्या उंदरांमध्ये मॅलॅट-१ काढून टाकला तर गाठी सौम्य झाल्या, पसरणं कमी झालं. सगळे म्हणाले वा, औषध मिळालं. २०१८ मध्ये ली मा (हो, त्याच मिर-१०बी वाल्या, आता स्वतःची लॅब) यांनी त्याच प्रकारच्या उंदरांमध्ये मॅलॅट-१ बंद केला तर पसरणं वाढलं! आणि परत चालू केला तर कमी झालं. त्यांचं म्हणणं मॅलॅट-१ हा टीईएडी नावाच्या प्रोटीनला पकडून गप्प बसवतो, म्हणजे तो पोलिसांच्या बाजूचा.

दोघंही नावाजलेले, दोघांचंही काम चोख. मग? एक शक्यता अशी की त्यांनी तो बंद करायची पद्धतच वेगळी होती. डीएनएचा मोठा तुकडा उडवला तर त्या तुकड्यात शेजारच्या जीनची बटणं पण असू शकतात, ती पण जातात. मध्ये अडथळा घालून वाचणं थांबवलं तर वेगळा परिणाम. आणि तयार झालेला आरएनए बाहेरून औषधाने तोडला तर आणखी वेगळा. प्रोटीनवाल्या जीनमध्येही हा त्रास असतो पण लिंक-आरएनएमध्ये फार, कारण काम तो आरएनए करतोय का ती डीएनएची जागा करतेय हेच आधी ठरवावं लागतं.

हॉटेअर या दुसऱ्या लिंक-आरएनएचं पण तसंच. २०१० मध्ये नेचरमध्ये आलं की ब्रेस्टच्या मूळ गाठीत हॉटेअर जास्त असेल तर पुढे पसरायचा आणि दगावायचा धोका जास्त, आणि तो पीआरसी२ नावाच्या, जीन बंद करणाऱ्या यंत्रणेला भलत्याच शेकडो जीनवर नेऊन बसवतो. फार देखणी कल्पना, आम्ही जर्नल क्लबमध्ये टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. २०१७ मध्ये दुसऱ्यांनी दाखवलं की पीआरसी२ नसेल तरी हॉटेअर जीन बंद करतो. म्हणजे धोक्याशी संबंध दिसतो पण कसं करतो त्यावर भांडण.

सुलभाताईंचा पहिला प्रश्न राहिला. ट्रिपल निगेटिव्हमध्ये मिर-२०० कमी आणि पेशी जास्त भटक्या असं चित्र बऱ्याचदा दिसतं, आणि आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त असल्याने इथल्या लॅब त्यावर बरंच काम करतात. पण त्यावरून आज कुणाची ट्रीटमेंट ठरत नाही.

निवांत_नेरुळ | शनिवार, सकाळी ९:३०

एक बाळबोध शंका. मिर-२१ वाईट आहे तर अडवायचं औषध द्या, मिर-२०० चांगला आहे तर सलाईनमधून भरा. एवढं सोपं का नाही?

पेट्रीडिश | शनिवार, सकाळी ११:०२

करून बघितलंय लोकांनी, आणि महागात पडलंय. मिर-३४ हा पी-५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनच्या हाताखालचा, गाठ दाबणारा. त्याची नक्कल बनवून एमआरएक्स-३४ नावाने माणसांना दिली, वेगवेगळ्या कॅन्सरचे पेशंट होते. २०१६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली, इम्युनिटी इतकी खवळली की चार पेशंट दगावले. वॉचमनचं आठवा, एकाच वेळी शेकडो पार्सलं, त्यामुळे तुम्हाला हवी तेवढीच अडवली जातील याची खात्री नाही.

दुसरं, पोचवायचं कसं? आरएनएची औषधं आहेत बाजारात, पॅटिसिरान २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, कोलेस्टेरॉलचं इन्क्लिसिरान पण आहे. पण ही दोन्ही लिव्हरमध्ये काम करतात कारण रक्तातून लिव्हरला माल पोचवणं जमलंय. ब्रेस्टमधली गाठ, किंवा हाडात जाऊन बसलेली, तिथपर्यंत नेमकं पोचवणं अजून अवघडच आहे.

जाता जाता आपल्या गावची गोष्ट. टाटामध्ये राजेंद्र बडवे आणि टीमने १००० बायकांवर एक ट्रायल केली होती, ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन. २०११ मध्ये छापून आली. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तर फरक नाही, पण कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत गेलेल्या बायकांमध्ये ५ वर्षं आजाराशिवाय राहिलेल्या ६५.३ टक्के, इंजेक्शन न दिलेल्यांत ५४.७. एक स्वस्तातलं इंजेक्शन! आता प्रश्न पडला की प्रोजेस्टेरॉन पेशीत करतं तरी काय. त्यावर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधून (टाटाचीच संशोधन संस्था) २०१७ मध्ये आलं की प्रोजेस्टेरॉन दिल्यावर ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींमध्ये मिर-१२९-२ वाढतो आणि तो प्रोजेस्टेरॉनचाच रिसेप्टर (पेशीत ते हॉर्मोन पकडणारं प्रोटीन) कमी करतो. सेक्टर २२ मधल्या त्या बिल्डिंगसमोरून रोज हजारो लोक जातात, आत हे चालू असतं. अर्थात हे पेशींवरचं काम, त्यावरून लगेच औषध किंवा टेस्ट असं नाही. पण एका खऱ्या ट्रायलमधून निघालेला प्रश्न घेऊन रेणूपर्यंत जायचं ही दिशा मला योग्य वाटते. बाजारात उलटं चाललंय, आधी रेणू पकडायचा आणि मग गिऱ्हाईक शोधायचं.

कासारवडवलीकर | शनिवार, दुपारी २:१०

सगळ्यांचे मनापासून आभार, अर्धं डोक्यावरून गेलं पण अर्धं नक्की कळलं. कॅम्पवाल्यांना फोन केला. विचारलं ही टेस्ट किती बायकांवर तपासली, पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करायचं, आणि आधी कॅन्सर झालेल्या बाईसाठी चालते का. पहिल्याला 'परदेशात खूप रिसर्च झालाय सर', दुसऱ्याला 'आमच्याच सेंटरला फुल बॉडी स्कॅन डिस्काउंटमध्ये', आणि तिसऱ्याला 'हो हो सगळ्यांसाठी'. वहिनीला स्पीकरवर ऐकवलं. ती गप्प बसली पण पटलंय असं दिसत नाही. एक मात्र तिने मध्येच विचारलं, कुठेतरी वाचलंन म्हणे की मायक्रोआरएनएमुळे टॅमॉक्सिफेन लागू पडत नाही. हे आहे का खरं?

पेट्रीडिश | शनिवार, दुपारी ३:००

ते मिर-२२१ आणि २२२ असणार. २००८ मध्ये आलं होतं, टॅमॉक्सिफेनला न जुमानणाऱ्या पेशींमध्ये हे दोन वाढलेले दिसले, ते इस्ट्रोजेन रिसेप्टर (रिपोर्टवरचा ईआर) आणि पी-२७ हा पेशीच्या वाढीचा ब्रेक, दोघांनाही दाबतात. काम चांगलं आहे पण बशीत वाढवलेल्या पेशींवरचं. वहिनींनी यावरून गोळी बंद करायचा विचार मनात पण आणू नये. टॅमॉक्सिफेन हजारो बायकांवर वर्षानुवर्षं तपासलेलं औषध आहे आणि कुठलाही डॉक्टर मिर-२२१ बघून ते चालू किंवा बंद करत नाही.

नौपाडा_स्लाइड | शनिवार, दुपारी ३:४५

वहिनींसाठी फॉलोअप म्हणजे डॉक्टरांकडून नियमित तपासणी आणि वर्षाला मॅमोग्राफी, बाकी त्यांना काही त्रास असेल तर त्याप्रमाणे. काही त्रास नसताना रक्तातले कॅन्सर मार्करसुद्धा नेमाने करा असं गाइडलाइन सांगत नाहीत, मग मायक्रोआरएनएचं कुठे.

मिसेससाठी एक हिशोब देतो. समजा कॅम्पला १००० बायका आल्या, त्यातल्या ५ जणींना न कळलेला कॅन्सर आहे. टेस्ट १०० पैकी ९० आजारी पकडते आणि १०० पैकी ९० निरोगींना बरोबर निगेटिव्ह सांगते असं धरू, हे मी खूप उदार होऊन धरतोय. ५ पैकी ४-५ सापडल्या. आणि उरलेल्या ९९५ मधल्या जवळजवळ १०० जणींना काही नसताना पॉझिटिव्ह. म्हणजे शंभरेक बायका रात्रभर रडणार, स्कॅन करणार, काही जणी बायोप्सीपर्यंत जाणार. तो डिस्काउंटवाला स्कॅन आठवा, धंदा तिथे आहे.

त्यापेक्षा टाटाच्याच एका कामाचं सांगतो. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर ट्रायल झाली, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. यंत्र नाही, रक्त नाही. २०२१ मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. त्याखालच्या वयात मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं, पण आजार लवकरच्या स्टेजला सापडला. तुमच्या कॅम्पमध्ये एक शिकलेली नर्स आणि एक पडदा लावलेली खोली ठेवा म्हणावं, पोस्टरवर गुलाबी अक्षरं हवीतच तर त्याची छापा.

शंकासूर | शनिवार, संध्याकाळी ५:१८

प्रोस्टेटचा पीसीए३ विसरलात का? तो तर लिंक-आरएनएच आहे आणि अमेरिकेत २०१२ मध्ये त्याच्या लघवीच्या टेस्टला मान्यता मिळालीये. म्हणजे नॉन-कोडिंगवर टेस्ट होऊच शकत नाही असं नाही ना. मी स्वतःच्याच विरोधात बोलतोय आज.

नौपाडा_स्लाइड | शनिवार, संध्याकाळी ६:०५

नाही विसरलो. होऊ शकते, उद्या ब्रेस्टची पण होईल. पण तिथेही बघा वापर कसा आहे, सरसकट सगळ्या पुरुषांना नाही, आधीची बायोप्सी निगेटिव्ह आलीय आणि परत करायची का हे ठरवायचंय अशांसाठी. आणि पीसीए३ जवळजवळ फक्त प्रोस्टेटमध्येच बनतो, मिर-२१ सारखा गावभर फिरत नाही.

सुलभा_ऐरोली | शनिवार, रात्री ८:३०

कासारवडवलीकर, सगळे रेणूंवर बोलतायत म्हणून मीच विचारते, तुमच्या पुतणीचं काय? तुमच्या मिसेसचा आणि वहिनींचा रक्ताचा संबंध नाही, त्यामुळे 'आपल्या घरात आहे' हे त्यांना लागू नाही. पण पुतणी सख्खी मुलगी आहे आणि आई ४६ व्या वर्षी. वहिनींच्या माहेरी कुणाला होता का, ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा? माझ्या वेळी जेनेटिक काउन्सेलिंगला पाठवलं होतं.

कासारवडवलीकर | शनिवार, रात्री ९:१२

अरेच्चा, हे डोक्यातच नव्हतं. वहिनीच्या मावशीला होता म्हणे, कसला ते नक्की माहीत नाही, पोटाचा म्हणतात. मग पुतणीची बीआरसीए टेस्ट (आनुवंशिक ब्रेस्ट-ओव्हरी कॅन्सरच्या जीनची) करून घेऊ का लगेच? तीच पाच हजाराच्या बजेटमध्ये बसेल का?

नौपाडा_स्लाइड | शनिवार, रात्री ९:४०

पुतणीची आधी नाही, वहिनींची आधी. ज्या व्यक्तीला कॅन्सर झालाय तिच्यात बदल सापडला तर पुतणीत नेमका तोच शोधायचा, ते सोपं आणि स्वस्त. वहिनींची न करता पुतणीची निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थच लावता येत नाही. यासाठी वहिनींचं साधं रक्त लागतं, गाठीचा ब्लॉक नको, त्यामुळे टॅमॉक्सिफेन चालू असताना पण चालतं. मात्र जे काय कराल ते ऑन्कोलॉजिस्टच्या सांगण्यावरून आणि काउन्सेलरला भेटून. आणि 'पोटाचा' म्हणजे ओव्हरीचा होता का ते मावशींच्या घरी फोन करून विचारा, जुनी फाइल असेल तर फोटो मागवा, काउन्सेलर पहिल्यांदा तेच विचारतील.

कासारवडवलीकर | शनिवार, रात्री ९:५५

मावशी चिपळूणच्या, त्यांच्या मुलाला उद्या सकाळी फोन लावतो. फाइल सापडली तर इथे विचारेनच.